ठमीचे श्वास मोजताना

ठमी गेल्याचं मी साताऱ्याला धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं, तेव्हा तिनं आवाज खाली आणला. मग म्हणाली, "ठमी म्हणजे... हरलीनकडची का कुणी?" हरलीन माझी सून. हो, तिच्या फार जवळची, मी म्हटलं. "वय काय होतं गं?" नऊ. "अरे देवा, लेकरूच की. काय झालं होतं?" हृदयाचा आजार. तिचा आवाज भरून आला. तशातच तिनं विचारलं, "सुनेच्या माहेरचं म्हणजे आपल्याला सुतक नाही ना? आंघोळ तेवढी करू का?" तेव्हा मात्र मला पुढे रेटवेना आणि मी सांगून टाकलं, की ठमी आमची मांजर. मग बहीण म्हणाली, "ताई, सत्तरी ओलांडलीस, आता तरी सुधार." गंमत अशी, की मी एकही शब्द खोटा बोलले नव्हते. आणि फोन ठेवल्यावर, इतका वेळ दाबून धरलेलं हसू येईल म्हणून बसले, तर रडू आलं.

हे सगळं तेव्हाच्या मला कुणी सांगितलं असतं तर तिनं नाक मुरडलं असतं. तेव्हाची मी म्हणजे पंचेचाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन चंडीगडला आलेली एक शिष्ट बाई. एम.ए. झालेली, त्यामुळे जगातलं सगळं कळून चुकलेलं. शेजारी सोढीआंटी राहत. त्यांचा म्हातारा कुत्रा आजारी पडला, तर त्या त्याला रजईत गुंडाळून, सायकल रिक्षात मांडीवर घेऊन डॉक्टरकडे निघाल्या. कॉलनीभर बायका हळहळल्या. मी जाळीच्या दारामागे उभी राहून हसले, आणि आईला पत्रात लिहिलं, की इथले लोक प्रेमळ आहेत पण अकलेचा जरा आनंद आहे. मांजर तर मी अंगणातही येऊ देत नसे. दूध उघडं ठेवायची सोय नाही म्हणून माझा संसार जणू बुडणार होता. ती बाई आज भेटली तर मी तिला चहासुद्धा विचारणार नाही.

ठमी आमच्याकडे गाडीच्या बॉनेटमधून आली. मुलानं इंडस्ट्रियल एरियात गाडी दुरुस्तीला टाकली होती. घरी येईपर्यंत बॉनेटमधून चिरका आवाज येत राहिला आणि तो मेकॅनिकला शिव्या देत राहिला. उघडलं, तर ग्रीसनं माखलेलं मूठभर पिल्लू. 'दोन दिवस ठेवू' असं मीच म्हटलं होतं, आणि नऊ वर्षं ते मला कुणी विसरू दिलं नाही. पुढे ती अशी काही गुबगुबीत झाली आणि सोफ्यावर अशी ऐसपैस बसू लागली, की ठमी याशिवाय दुसरं नाव तिला शोभलंच नसतं. माझे यजमान तेव्हा नुकतेच गेले होते. त्यांच्या खुर्चीत कुणी बसत नसे. ही आली आणि थेट तिथेच पसरली... आणि घरातल्या एकानंही तिला उठवलं नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ती कपडे धुण्याच्या यंत्रामागे जाऊन बसायला लागली. खाईना. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, की हिच्या हृदयाची भिंत जाड झाली आहे. ते बरं होणार नाही, पण गोळ्यांनी काही महिने, नशीब असेल तर वर्षभर ती आरामात राहील. धोका एकच, छातीत पाणी भरण्याचा. म्हणून रोज ती गाढ झोपली की पोट बघायचं आणि मिनिटात किती वेळा वरखाली होतं ते मोजायचं. तिसापर्यंत ठीक, त्यावर गेलं की कळवायचं. पाणी कमी करणारी तिची गोळी निघाली माझीच, मी सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलमधून दर महिन्याला आणते ती. तिला फक्त त्या गोळीचा एक कपचा. मुलगा म्हणाला, "आई, तुम्हा दोघींचा डबा एकच करू का?" मी म्हटलं, करू नकोस, तिची चुकून मी घेतली तर उंदीर मागेन.

हरलीन मोहालीच्या कंपनीचं काम घरून करते. त्यामुळे सकाळचं मोजणं तिचं आणि दुपारी दोनचं माझं, असं ठरलं. ती मोबाइलवर मिनिट लावून द्यायची आणि मी बोटांची पेरं मोजायची. अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, एका हाताची बारा. माझ्या आईनं शिकवलेलं, जपही असाच, भाकऱ्याही अशाच. एका दुपारी हरलीनची मीटिंग चालू होती. तिनं लॅपटॉपवरून मान न हलवता भुवईनंच विचारलं, किती? मी दारातून दोन्ही पंजे दाखवले. दोन हात. म्हणजे चोवीस, सगळं उत्तम. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मीटिंग तशीच सोडून तिनं टोपली काढली, ठमीला झोपेतून उचलून आत घातलं, आणि पाच मिनिटांत आम्ही गाडीत. मला वाटलं, हिला काही वेगळं दिसलं असेल, ही शिकलेली आहे.

टोपली माझ्या मांडीवर, तिच्याभोवती माझी चांगली शाल. बाजारावरून जाताना ओळखीच्या कुणी बघू नये म्हणून मी मान खाली घातली, आणि मला एकदम सोढीआंटी दिसल्या. रिक्षातल्या. त्यांनी मान खाली घातली नव्हती. वाटेत ठमी ओरडत होती, मग ओरडणं थांबलं आणि ती तोंड उघडून धापा टाकायला लागली, जीभ निळसर... ती धाप मी विसरू शकत नाही. डॉक्टरांनी तिला तासभर ऑक्सिजनमध्ये ठेवलं. ती सावरल्यावर त्यांनी विचारलं, घरी मोजले तेव्हा किती होते? मी म्हटलं, चौबीस. हरलीन म्हणाली, बत्तीस. आम्ही एकमेकींकडे बघितलं.

"आपने दो हाथ दिखाए थे, आई."

"मग? दोन हात म्हणजे बारा दुणे चोवीस."

"हाथ में सोलह होते हैं," ती म्हणाली, आणि मोजून दाखवलं. तिच्या नानीनं तिला बोटाचं टोकही धरायला शिकवलं होतं, म्हणजे एका बोटाला चार.

बारा वर्षं एका घरात राहतोय आम्ही. इतक्या वर्षांत एकमेकींचा हात कधी मोजायची वेळ आली नव्हती. डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, "माताजी, इसके लिए सफ़र ही सबसे बड़ा बोझ है. बिना ज़रूरत मत लाइए." परत येताना हरलीन गाडी इतकी हळू चालवत होती, की मागचे लोक हॉर्न वाजवून दमले.

तेव्हापासून बोटं बंद, आकडा तोंडानं सांगायचा. दिवाळी झाली, थंडी आली. जानेवारीत तीन दिवस असं धुकं पडलं, की समोरचं घर दिसेना. पहिल्या दिवशी दुपारी मी मोजले, चौतीस. पुन्हा मोजले, चौतीसच. हरलीननं विचारलं, "कितने, आई?" माझ्या डोळ्यांपुढे ती टोपली आली, ती जीभ आली, आणि मी म्हटलं, "अठ्ठावीस." ती म्हणाली, "सुबह मेरे भी छब्बीस थे." मला बरं वाटलं, म्हणजे माझंच मोजायला चुकत असेल. दुसऱ्या दिवशी अडतीस. मी सांगितलं, तीस. ती म्हणाली, सत्ताईस. तिसऱ्या दिवशी मी ठमी झोपायची त्या मागच्या खोलीत गेले, तर हरलीन आधीच पलंगापाशी जमिनीवर बसलेली, मोबाइल हातात, नाक लाल.

"कितने?" मी विचारलं.

"पहले आप बताओ. सच्ची."

"बेचाळीस," मी म्हटलं. "काल अडतीस होते गं."

"मुझे पता है. कल सुबह मेरे छत्तीस थे." मग ती म्हणाली, "मुझे लगा आप टोकरी निकाल लोगी."

दोन दिवस आम्ही एकमेकींना फसवत होतो, एकाच टोपलीच्या भीतीनं. लगेच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी स्वच्छ सांगितलं, आणलंत तर छातीतलं पाणी काढता येईल, पण ती वाटेतच दगावू शकते, आणि वाचली तरी दिवस थोडेच. फोन बाजूला धरून हरलीन माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, तुझी मांजर आहे, तू सांग. ती म्हणाली, "हमारी है. टोकरी मत निकालना, आई." संध्याकाळी डॉक्टर स्वतः आले आणि श्वास सोपा व्हावा म्हणून इंजेक्शन देऊन गेले. जाताना मी त्यांना जिन्यात गाठलं आणि विचारलं, दोन दिवस आधी खरा आकडा सांगितला असता तर? मला बरं वाटावं म्हणून खोटं सांगायला ते मोकळे होते. "कह नहीं सकता, माताजी," ते म्हणाले. ते वाक्य माझ्याजवळ राहिलं आहे, आणि राहू दे. तेव्हाच्या त्या एम.ए. बाईला प्रत्येक गोष्टीचं उत्तर माहीत असे. मला हे एक माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी धुकं फाटलं. मागच्या खोलीच्या खिडकीतून पलंगावर उन्हाचा चौकोन पडला आणि ठमी त्यात सरकून झोपली. एका बाजूला मी, एका बाजूला हरलीन. त्या दिवशी आम्ही मोजलं नाही. अडीचच्या सुमारास हरलीन म्हणाली, "आई..." आणि मला कळलं.

आता महिना झाला. दोन वाजले की हरलीन लॅपटॉप मिटते आणि आपला चहाचा कप घेऊन मागच्या खोलीत येते. मीही जातेच. काम काही नसतं. थंडी अजून हटलेली नाही आणि घरात दुपारचं ऊन तेवढं पलंगावरच्या त्या चौकोनातच येतं. परवा ती पलंगाच्या कडेला कुडकुडत बसली होती. मी म्हटलं, "सरक की उन्हात, गारठशील."

"आप सरको," ती म्हणाली.

चहा संपेपर्यंत आम्ही दोघी सावलीतच बसून राहिलो.