चिमाबाईची चार बोटे

सकाळी सहाला दहा मिनिटे कमी. भाजे गावाच्या वरच्या वाडीत चिमाबाई कोळशाचे सहावे पोते शिवते आहे. टाका ओढून झाला की ती गेरूच्या पाण्यात उजवा हात बुडवते, अंगठा आत मुडपते आणि चार बोटे पोत्यावर दाबते. अंगठा मुडपण्याची सवय गेल्या वर्षीची. ती कोर्टातून आली.

तिच्या माहेरी भाताने कणगी भरली की घरच्या लेकीने तिच्यावर गेरूचा पंजा उठवायचा. भरलेले भरलेलेच राहावे, एवढाच त्याचा अर्थ. १९३६ साली तिच्या नवऱ्याने, नवसूने, स्वतःच्या बांधावरची ऐनाची झाडे तोडून कोळशाची पहिली भट्टी लावली. अकरा पोती निघाली. चिमाबाईने कुणालाही न विचारता अकराही पोत्यांवर पंजे उठवले.

माल लोणावळ्याच्या एका बेकरीला जायचा होता. बैलगाडी मळवलीच्या रेल्वे फाटकाशी थांबली. शेजारीच दत्तोबा ठेकेदाराच्या कोळशाची थप्पी होती, आणि त्याच्या प्रत्येक पोत्यावर मालकीची खूण म्हणून पत्र्याच्या साच्याने रंगवलेला लाल पंजा. त्याचा मुकादम सोपान गाडीला आडवा आला.

"काय नवसू, आमचा माल आमच्याच फुडून न्हेतोस व्हय?"

"माज्या बांधाचा हाय, भाऊ."

"मग पंजा कुनाचा?"

"माजा," गाडीमागून चिमाबाई म्हणाली. "हात लावून बघा की."

पोलीस आले, पोती जप्त झाली. थप्पीतले एकही पोते कमी नव्हते, म्हणून चोरीचा आळ तिथेच टळला. पण मालावर दुसऱ्याच्या मालकीची खोटी खूण करणे हा दंडविधानात वेगळा गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. फसवायचा हेतू नव्हता, हे आरोपीनेच दाखवायचे. खूण चिमाबाईची, म्हणून आरोपीही तीच. तिची मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती.

खटला वडगावला चालला. भाजे गावचे पोलीस पाटील रखमाजी पंचनाम्यासाठी तिच्या माहेरी आणि सासरी जाऊन आले होते. "कणगीवर पंजे, गोठ्याच्या दारावर पंजे," त्यांनी सांगितले. "गाईच्या पाठीवरबी एक. माजं धोतर वाचलं, नशीब." बेकरीवाल्याने साक्ष दिली की कोळसा नवसूचा म्हणूनच ठरला होता, दत्तोबाचे नावही निघाले नव्हते.

मग मॅजिस्ट्रेटांनी चिमाबाईला विचारले, "ठेकेदाराच्या पोत्यांवरचा पंजा तू आधी पाहिला नव्हतास?"

"पायला व्हता."

"तरी तोच उठवलास?"

"मला वाटलं, त्येंच्याबी घरात कुनी लेक असंल."

मॅजिस्ट्रेट बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी तिला निर्दोष सोडले आणि बजावले, की आता तिला माहीत झाले आहे. यापुढे तोच पंजा उठवला तर हे कारण चालणार नाही.

"अंगठा मुडपला तर चालंल का, सायेब?"

मॅजिस्ट्रेटांनी फिर्यादी दत्तोबाकडे पाहिले. "चालंल," तो म्हणाला. "पर चारच. पाचवं दिसलं तर मी परत हितं येईन."

"येवा की. तुमास्नी गाडी हाय, मला चालत यावं लागतं."

कारकुनाने ठरलेले लिहून घेतले, आणि त्याखाली चिमाबाईने अंगठा उठवला. अकराही पोती परत मिळाली.

यंदा वाडीत आणखी दोन घरांनी स्वतःच्या भट्ट्या लावल्या. आधी ती दोन्ही दत्तोबाकडे मजुरीला जायची. भट्टीला माती लिंपण्याआधी दोन्ही घरच्या बायकांनी चिमाबाईला खुणेचे विचारले. एका घरच्या बयाबाईने तीन बोटे घेतली. दुसऱ्या घरच्या धोंडाबाईला बोटे नको होती. ती पोत्यावर विळ्याची मूठ टेकवते.

उद्या मंगळवार, बेकरीचा दिवस. गाडी पहाटे पाचला वाडीतून उतरेल आणि मळवलीच्या फाटकाशी थांबेल. पोती सहा, बोटे चोवीस.