रूथमावशींच्या आजीचं लग्न

अठरा नोव्हेंबर, मंगळवार. सकाळपासून मी प्रूफं तपासत होते. प्रूफं म्हणजे पुस्तक छापायच्या आधी चुका शोधण्यासाठी काढलेली कच्ची पानं. शनिवारी ती प्रकाशकांना परत द्यायची होती. दीडशेव्या पानावर असताना विल्सनचा फोन आला. विल्सन चाकणला एका कंपनीत मशीनवर आहे. तो टी-ब्रेकमध्येच फोन करतो, त्यामुळे मोजकं बोलतो.

"ताई, तुम्ही आईबद्दल काय छापलंय?"

"आईबद्दल काहीच नाही. का?"

"तीन रविवार झाले, चर्चला आली नाही. विचारलं तर म्हणते, तुझ्या कादंबरीवाल्या ताईला विचार."

विल्सनच्या आई म्हणजे रूथमावशी. वय चौऱ्याऐंशी. गेल्या पन्नास वर्षांत त्यांनी रविवार चुकवला असेल तर आजारपणातच. मी प्रूफांवर वजन ठेवलं आणि कासारवाडीला निघाले.

आधी माझ्या कामाचं सांगते. बावीस वर्षं मी भोसरीच्या एका कंपनीत परचेसला, म्हणजे खरेदी खात्यात होते. आता कादंबऱ्या लिहिते. जुन्या काळातल्या, मिशनच्या वस्त्यांमधल्या, गोड प्रेमकथा. आमच्या धंद्यात 'गोड' याचा अर्थ ठरलेला आहे. नायक-नायिका एकमेकांवर जीव टाकतात, पण शेवटच्या पानापर्यंत हात हातात घेण्याच्या पुढे जात नाहीत. सासूनं वाचून सुनेला द्यावी, अशी कादंबरी. माझ्या वाचक बहुतेक चर्चमधल्या बायका आहेत. त्या कडक तपासणी करतात. नायिकेनं एकटीनं प्रवास केला तरी पत्र येतं.

ही कादंबरी रूथमावशींच्या आजी-आजोबांवरून सुचली होती. आजोबा यशवंतराव नगरकडच्या मिशनच्या छापखान्यात कंपॉझिटर, म्हणजे खिळे जुळवणारे कामगार. आजी सगुणाबाई तिथल्याच वस्तीतली. मावशींकडे घराण्याचं जुनं बायबल आहे. आमच्याकडे बायबलच्या मधल्या कोऱ्या पानांवर घरातली लग्नं, जन्म आणि मृत्यू लिहून ठेवायची पद्धत आहे. मावशींनी विश्वासानं ते माझ्या हातात दिलं. मी पानांचे फोटो काढले. कादंबरीत नावं बदलली, पण तारखा तशाच ठेवल्या. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर तारीख असली की गोष्ट खरी वाटते. कादंबरी आधी आमच्या एका मासिकात क्रमशः आली. पहिल्या हप्त्यात मी मावशींच्या घराण्याचे नावानिशी आभार मानले. तिथेच चुकले.

कासारवाडीला मावशींनी दार उघडलं, सलाम घेतला, पाणी दिलं. चहा विचारला नाही.

महिला मंडळाच्या बैठकीत काय झालं ते त्यांनी सांगितलं. मासिकातला कादंबरीचा शेवटचा हप्ता नुकताच आला होता. प्रार्थना संपल्यावर मंडळाच्या सेक्रेटरी मार्थाताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मावशी, तुमची आजी भारीच तडफेची हो. जूनमध्ये लग्न आणि नोव्हेंबरात पाळणा." बायका हसल्या. मावशींना आधी कळलंच नाही. मग त्यांनी तिथेच, सगळ्यांच्या देखत, बोटांवर महिने मोजले.

मार्थाताईंच्या बोलण्याला कारण होतं. आमच्याकडे नवरी कौमार्याची खूण म्हणून पांढरी साडी नेसते. याच मावशींनी तीस वर्षांपूर्वी मार्थाताईंच्या धाकट्या बहिणीला लग्नाआधी आठ दिवस विचारलं होतं, की पांढरी नेसायचा तुला हक्क आहे का. ती मुलगी पुढे या चर्चमध्ये कधी आली नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मावशींनाही.

मी माफी मागितली. परचेसमध्ये बावीस वर्षं ऑर्डरची तारीख आणि डिलिव्हरीची तारीख शेजारी ठेवून पाहण्यात गेली. इथे दोन्ही तारखा स्वतःच्या हातानं उतरवल्या आणि पाहिल्या नाहीत.

"पुस्तक थांबव म्हणत नाही मी," मावशी म्हणाल्या. "मला एवढंच हवंय. आजी तशी होती का? तुला एवढ्या जुन्या गोष्टी सापडतात, तर हेही शोध. मला या वयात कळू दे."

"आणि तशी असली तर?"

"तर मला मार्थाच्या बहिणीकडे जावं लागेल. पुनावळ्याला राहते ती."

परत येताना मी भालेरावसरांना, माझ्या प्रकाशकांना, फोन केला. त्यांना यात अडचण दिसेना. लग्न आदल्या वर्षीच्या जूनमध्ये टाका, दोन मिनिटांचं काम, प्रेसला शनिवारीच पाठवू, असं त्यांनी सांगितलं. कादंबरीसाठी ते बरोबरच होतं. पण मावशींचा प्रश्न कादंबरीबद्दल नव्हता.

गुरुवारी पहाटेच्या एसटीनं मी नगर गाठलं, तिथून वडापच्या जीपनं त्या जुन्या चर्चला. तिथले पाळक, म्हणजे धर्मगुरू, तरुण आहेत. मी कशासाठी आले ते ऐकून त्यांनी कपाटातून कापडात गुंडाळलेली तीन रजिस्टरं काढली. जन्माचं, लग्नाचं, दफनाचं. त्यांनी एकच अट घातली, पानं बोटाला थुंकी लावून उलटायची नाहीत.

लग्न अर्ध्या तासात सापडलं. तारीख बायबलमधलीच होती. लग्नाच्या रजिस्टरमध्ये वधू-वरांची स्थिती लिहायचा एक रकाना असतो. आजोबांपुढे लिहिलं होतं, अविवाहित. आजीपुढे लिहिलं होतं, विधवा.

मी दफनाचं रजिस्टर ओढलं. मोठ्या दुष्काळाचं साल, त्यामुळे एकेका महिन्याची दहा-बारा पानं. मार्चमध्ये नोंद मिळाली. सगुणाबाईचा नवरा, वय चोवीस, कंपॉझिटर, मिशन छापखाना, पटकीनं मृत्यू. पटकी म्हणजे कॉलरा. त्याचं नाव होतं दानिएल.

मी ते नाव दोनदा वाचलं. मावशींच्या वडिलांचं नाव दानिएल होतं.

पाळकांनीही वाचलं. ते म्हणाले, "मार्चमध्ये हा गेला, जूनमध्ये त्याच्या बायकोचं लग्न, नोव्हेंबरात मूल. म्हणजे मूल याचं. बाईंनी काही चुकीचं केलेलं नाही."

"नाही. पण आता मला एका बाईला सांगायचंय की तिचे आजोबा तिचे आजोबा नव्हते."

"मग सांगू नका," ते सरळ म्हणाले. "आजी निर्दोष होती, एवढंच सांगा."

परतीच्या प्रवासात मी त्यावर विचार केला. अर्धं सांगणं सोपं होतं. पण मावशी मोजायला शिकल्या होत्या. निर्दोष कशी, हा पुढचा प्रश्न त्या विचारणारच होत्या.

शुक्रवारी संध्याकाळी गेले. विल्सन फर्स्ट शिफ्ट करून घरी होता. मी नोंदींचे फोटो दाखवले आणि ज्या क्रमानं सापडलं त्याच क्रमानं सांगितलं. माझं संपल्यावर विल्सन उठला.

"आई, हे इथेच सोडायचं. ताई, तुम्ही ती तारीख बदला आणि विषय बंद करा. उद्या लोक म्हणतील, हिचं माहेरचं आडनावसुद्धा हिचं नाही."

"बस खाली," मावशी म्हणाल्या. त्यांनी मांडीवर बायबल घेतलं आणि ते पान काढलं. जन्माची नोंद आजोबांच्या अक्षरात होती. कंपॉझिटर माणूस, अक्षर छापल्यासारखं. मावशींनी ती मोठ्यानं वाचली.

"आम्हांस प्रथम पुत्र लाभला. दानिएल यशवंत."

विल्सननं पंखा उगाच बंद केला, परत लावला.

"छापखान्यातल्या सोबत्याचं नाव पोराला दिलं," मावशी म्हणाल्या, "आणि बापाच्या जागी स्वतःचं लावलं. मेलेला आणि जिता, दोघं एका नावात. आम्ही जन्मभर ते नाव घेतलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही."

"ते माझे पणजोबा नव्हते पण," विल्सन म्हणाला.

"मग कोण होते? नाव त्यांनी दिलं, शाळेत त्यांनी घातलं, दुष्काळात माझ्या बापाला खायला त्यांनी घातलं. तू तुझ्या पोरींसाठी याहून काय जास्त करतोस ते सांग मला."

विल्सन खाली बसला. मग मावशी माझ्याकडे वळल्या.

"हे लिही. खरं तेच लिही. पण विधवा म्हणून लिही, बिचारी म्हणून नको. माझी आजी बिचारी नव्हती. ती नवऱ्याला शिव्या घालून जेवायला उठवायची."

"आभारात तुमचं नाव काढून टाकू?"

"का? ठेव. मार्थाला एक प्रत माझ्याकडून दे."

"आणि तिची बहीण?"

मावशींनी बायबल मिटलं. "आजी तशी नव्हती, म्हणून मी सुटले असं वाटलं होतं मला. पण त्या पोरीला मी विचारलं ते विचारलंच. रविवारी विल्सन मला पुनावळ्याला सोडेल." विल्सननं मान हलवली. मग चहा झाला.

मावशी रविवारी गेल्या. दार उघडलं का, आत बोलावलं का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यानंतरच्या रविवारी त्या चर्चमध्ये नेहमीच्या बाकावर होत्या, एवढं मी पाहिलं. मंडळात कुणी महिने मोजले नाहीत.

या धंद्यात येणाऱ्यांना माझं एकच सांगणं. घरच्या कागदातली तारीख उचलण्याआधी तिच्या वरची आणि खालची तारीखही वाचा. आणि वाचलीत, तर ज्याचा कागद आहे त्याला ती आधी दाखवा, वाचकाला नंतर.

त्या शुक्रवारनंतरच्या शनिवारी सकाळी आठ वाजता मी भालेरावसरांना फोन केला. प्रूफं येणार नाहीत, कादंबरी पुन्हा लिहायची आहे, असं सांगितलं. नायिका आता विधवा आहे आणि पोटुशी आहे, हेही सांगितलं.

"बाई, गोड कादंबरीत पोटुशी नायिका?"

"लग्न झालेली आहे, सर. दोनदा."

त्यांनी जानेवारीपर्यंत मुदत दिली. मी प्रूफांचा गठ्ठा खाली ठेवला आणि पहिलं प्रकरण उघडलं. पहिल्या ओळीत नायिका लाजत होती. ती ओळ खोडली आणि लिहायला बसले.