पापडाच्या लाट्या

ऑफिसात खुर्ची फेकली म्हणून दर शनिवारी मला कोलकात्यात गार्डन रीचला एका मानसतज्ज्ञ बाईंकडे जावं लागे. माझा राग हा नुसता राग आहे की व्यक्तिमत्त्वाचा विकार, हे त्या शाईच्या डागांची कार्डं दाखवून तपासत होत्या. बाई मूळच्या आपल्याकडच्या, पण लग्नानंतर इथेच मुरलेल्या. मराठी बोलताना तोंडात आलेला बंगाली शब्द गिळायच्या. मी डागात रक्त म्हणा, सुरा म्हणा, त्यांचा चेहरा कोराच. "आणखी?" एवढंच विचारायच्या. चाचणीचा नियमच तसा. मला त्या कोरेपणाचाच संताप यायचा.

परवा एका डागात मला दोन बाया दिसल्या.

"समोरासमोर बसून पापड लाटताहेत. आता जुंपणार त्यांची. एकीने लाट्याच खाऊन संपवल्यात."

"उडदाच्या?" बाई म्हणाल्या.

मी बघतच राहिलो. त्यांनी कार्ड पालथं घातलं.

"मी मध्ये बोलले. आता ही चाचणी ग्राह्य धरता येणार नाही. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडे पाठवते."

मी चिडून उठलो. दारापाशी पोचलो, तेवढ्यात मागून हळूच आवाज आला.

"तेलात बुडवून खात होती ना ती?"