रत्नाताईंची चादर

बोर्डाचा भाव विचारायला आलेल्या माणसाला रत्नाताई भाव सांगत नसत. नवघरच्या त्यांच्या दुकानात कुणी येऊन "ताई, लाईटवाला बोर्ड कितीला पडेल?" असं विचारलं की त्या पदर खोचून उठत, कपाटावरून जुन्या चादरींचं गाठोडं काढत आणि म्हणत, "भाव नंतर. आधी जागेवर उभे राहा." मग बोर्ड ज्या मापाचा हवा त्या मापाच्या चादरी एकमेकींना टाचायच्या, आमचा फिटर सलीम शिडीवर चढून त्या दुकानावर बांधायचा, आणि ताई गिऱ्हाईकाला घेऊन रस्ता ओलांडायच्या. आपला बोर्ड पलीकडून केवढा दिसणार आणि त्याच्या मध्ये कुठलं झाड, कुठली वायर येणार, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की मग दुकानात परत येऊन डिझाईन आणि कोटेशन.

मी त्यांच्याकडे डिझायनर होते. दुकानाच्या फोटोवर हवा तो बोर्ड चिकटवून दाखवणं हे माझं काम, आणि ते मला चहा पिता पिता जमायचं. त्यामुळे त्या गाठोड्याचा मला मनापासून राग होता. मीरा रोडला एका सलूनवर आम्ही फुलाफुलांच्या चादरी बांधल्या तेव्हा शेजारच्या काकू पूजा किती वाजता आहे ते विचारून गेल्या. मला तोंड लपवावंसं वाटलं. ताई मात्र शांतपणे म्हणाल्या, "पूजा नाही, दाढी-कटिंग आहे. माणसांना पाठवा."

मी कितीदा सांगितलं, की हल्ली सगळे कॉम्प्युटरवरच बघतात. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "कॉम्प्युटरवर सगळे बोर्ड सुंदरच असतात गं." कोटेशनही त्या नुसतं हातात देत नसत, समोर बसवून वाचून दाखवत. त्यात आपण काय करणार हे असायचंच, पण खाडीच्या वाऱ्याने कुठला पत्रा लवकर गंजेल, कुठला दिवा टिकणार नाही, हेही असायचं. गिऱ्हाईक घाबरून उठून गेलं की मी चिडायचे. काही जण आमचं डिझाईन मोबाईलवर घेऊन दुसरीकडे स्वस्तात बोर्ड करून घ्यायचे, तेव्हा तर माझा पारा चढायचा. ताई मूळच्या महाडकडच्या. नवरा लवकर गेल्यावर त्यांनी हे दुकान एकटीने उभं केलं होतं, आणि भांडण करण्यात वेळ घालवायचा नाही असं त्यांनी बहुधा तेव्हाच ठरवून टाकलं असावं.

नंतर कामं आटत गेली. एक दिवस ताईंनी सलीमला आणि मला समोर बसवलं आणि सरळ सांगून टाकलं. बेव्हर्ली पार्कात दिनेशभाईंचं कपड्यांचं शोरूम उघडतंय, त्यामागून त्यांची आणखी दुकानं आहेत. ते काम मिळालं तर आपण तिघं आहोत. नाही मिळालं तर एकाला जावं लागेल. सलीम मान खाली घालून बसला होता. त्या दिवसापासून आम्ही दोघं एकमेकांशी जरा जास्तच गोड बोलायला लागलो.

दिनेशभाई माणूस वाईट नव्हते. आले ते बॉक्सभर ढोकळा घेऊन आले, ताईंना वाकून नमस्कार केला. उद्घाटनाचा मुहूर्त ठरला होता, पत्रिका छापायला गेल्या होत्या. त्यांच्या इंटिरिअरवाल्याने काढलेलं चित्र त्यांनी टेबलावर पसरलं. तळमजल्यापासून पहिल्या मजल्याच्या छतापर्यंत सोनेरी बोर्ड आणि त्यावर माणसाच्या उंचीची अक्षरं. मापं त्यांनीच दिली होती, सोसायटीचं पत्र होतं, आणि वरच्या फ्लॅटचा मालक परदेशात होता, त्याचीही लेखी संमती होती. त्यांना आमच्याकडून फक्त आकडा हवा होता.

दुसऱ्या दिवशी ताई गाठोडं सोडायला लागल्या तेव्हा मी अक्षरशः हात जोडले. म्हटलं, "ताई, चित्र त्यांचं, मापं त्यांची. या वेळी नको ना चादर."

त्या चादरी टाचत राहिल्या. "चित्र त्यांचं आहे," त्या म्हणाल्या, "बोर्ड आपला असणार."

बेव्हर्ली पार्कात त्या दिवशी वारा खूप होता. एवढ्या चादरी आम्ही आधी कधीच बांधल्या नव्हत्या. सलीम शिडीवर एका हाताने पाईप धरून दुसऱ्याने दोरी आवळत होता आणि खाली मी शिडी धरून उभी होते. दिनेशभाई रस्त्यापलीकडे ताईंच्या शेजारी उभे होते. सलीमने शेवटचं टोक बांधलं आणि खाली उतरला. मीही पलीकडे जाऊन वर पाहिलं.

चादरीच्या मधोमध काहीतरी हललं. आतून कुणीतरी चादर ढकलत होतं. आधी मला वाटलं वारा असेल, पण मग पाच बोटं स्पष्ट उमटली. पंजा थोडा वेळ तसाच राहिला, खाली घसरला, पुन्हा वर आला. पाठोपाठ खोकल्याची उबळ ऐकू आली. चित्रात जिथे सपाट सोनेरी रंग होता तिथे एका खोलीची एकुलती एक खिडकी होती. चित्र काढणाऱ्याने ती पुसून टाकली होती.

ताई जिन्याने वर गेल्या. त्या बराच वेळ आल्या नाहीत. दिनेशभाई मोबाईल काढत होते, ठेवत होते. पंजा आता दिसत नव्हता, चादर नुसती फडफडत होती. मी मनात एकच घोकत होते, की ताईंनी खाली येऊन आकडा सांगावा.

खाली आल्या त्या थेट दिनेशभाईंकडे. वर एक म्हातारे भाडेकरू राहतात, त्यांना दमा आहे, मुलगी कामावर गेल्यावर दिवसभर त्या खिडकीशी बसून असतात, आणि त्यांना कुणी काही विचारलेलं नाही, एवढं सांगितलं. मग म्हणाल्या, "दोन मिनिटं वर चला. एकदा आतून बघा."

"मैं क्यों देखूँ, ताई?" दिनेशभाईंचा आवाज चढला नव्हता, पण चेहरा उतरला होता. "सब परमिशन है मेरे पास. आप रेट बोलो."

ताईंनी खिडकीखालची पट्टी दाखवली. बोर्ड तेवढाच, पण आडवा लांब, अक्षरं ठळक, इथूनही वाचता येतील अशी. "याचा भाव आत्ता देते," त्या म्हणाल्या. "वरच्याचा देत नाही."

दिनेशभाईंनी चित्राची घडी घातली. आमच्या दोघांकडे पाहत ते म्हणाले, "सोच लो, ताई. आपके भी आदमी हैं."

ताईंनी आमच्याकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं असं मला आजही वाटतं. खोटं कशाला सांगू, त्यांनी हो म्हणावं असंच मला त्या क्षणी वाटत होतं. वरच्या आजोबांचा विचार माझ्या मनात नव्हता, मला माझ्या घरचं दिसत होतं. ताईंनी मान वळवली आणि सलीमला म्हणाल्या, "सोड चादर."

काम भाईंदर पश्चिमेच्या शेट्ये नावाच्या बोर्डवाल्याकडे गेलं. आणि ताईंनी मला काढलं. सलीमची मुलं लहान होती, मला कॉम्प्युटर येत होता, हिशोब मलाही कळत होता, तरी मी भडकले. म्हटलं, "बोर्ड तर लागणारच. आपलं काम गेलं, माझी नोकरी गेली आणि खिडकीही जाणारच. मिळालं काय तुम्हाला?"

त्या गाठोड्याला गाठ मारत होत्या. "बुजेल ती," म्हणाल्या. "आपल्या हाताने नको." मी निरोपही न घेता पायऱ्या उतरले.

पुढच्याच आठवड्यात मला शेट्येंचा फोन आला आणि मी त्यांच्याकडे लागले. माझी जुनी डिझाईन्स कुठेतरी पाहिली असतील अशी मी स्वतःची समजूत घातली. महिन्याभरात बेव्हर्ली पार्कावर तो सोनेरी बोर्ड चढला. मी ताईंना कधी फोन केला नाही, त्यांनीही केला नाही.

गेल्या वर्षी ताई गेल्या. सलीमने कळवलं. मी शेट्येंकडे सुट्टी मागायला गेले, तर ते खुर्चीतून उठले आणि स्वतःही चप्पल घालायला लागले. मी विचारलं, तुम्ही ओळखत होता?

"तुझ्यासाठी आल्या होत्या ना इथे," ते म्हणाले. "त्यांचं काम मी उचललेलं, मला वाटलं भांडतील. पाणी दिलं ते घेतलं नाही. म्हणाल्या, पोरीचा हात चांगला आहे, ठेवून घ्या. मी हो म्हटलं. निघाल्या आणि दारातून परत आल्या. म्हणाल्या, एवढं करा, तो खिडकीवरचा बोर्ड तेवढा तिच्या हातून करून घेऊ नका."

त्या बोर्डाची फाईल माझ्याकडे कधी आली नव्हती. एरवी माऊसला हात न लावणारे शेट्ये तेव्हा स्वतः कॉम्प्युटरवर बसले होते, आणि त्यांचा माझ्या कामावर विश्वास नाही म्हणून मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नव्हते.