देव्हाऱ्यातलं बिनखुणेचं नाणं

नाण्यावर सालाखाली बारीक खूण असते. पत्त्यातल्या चौकटीसारखी असली तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, चांदणी असली तर हैदराबादचं आणि काहीच नसलं तर कोलकात्याचं. एवढ्या भांडवलावर मी जुन्नरात स्वतःला नाणेतज्ज्ञ समजायला लागलो. बाजारात सुटे हातात पडले की तिथंच भिंग काढायचो. मागचा वैतागून म्हणायचा, "राव, खरी हायती नाणी, सरका की!"

बायकोची सख्खी मावशी अवसरी बुद्रुकला असते. दिवाळीत गेलो तेव्हा तिच्या देव्हाऱ्यात मला कमळाचं पितळी वीस पैशांचं नाणं दिसलं. त्यात सोनं असतं अशा समजुतीनं आमच्याकडे घरोघरी ते पुजतात. मी भिंग लावलं, तर सालाखाली काहीच नाही! त्या सालचं बिनखुणेचं नाणं सहसा सापडत नाही, असं मी कुठंतरी वाचलं होतं. मी लगेच ते मावशीकडे मागितलं.

"जावईबापू, दुसरं कायबी मागा," मावशी म्हणाली, "देवाचं कसं देऊ?"

जावई हटून बसला म्हटल्यावर ती नरमली. पण देवाची जागा मोकळी राहता कामा नये, त्याहून चांगलं काहीतरी ठेवा, म्हणाली. बायकोच्या पर्समध्ये एक चांदीचं नाणं असायचं. तिच्या आईनं लग्नात ओटीत घातलेलं. आई गेल्यापासून ती ते जिवापाड जपायची. मी तिच्याकडे आशाळभूतासारखा बघत राहिलो. तिनं ते काढून देवापुढं ठेवलं. "तिप्पट वसूल करून देतो," मी तिच्या कानात पुटपुटलो.

पुण्याच्या नाणे-प्रदर्शनात एका व्यापाऱ्यानं माझं घबाड दिव्याखाली तिरकं धरलं.

"चौकट होती की इथं. झिजलीय. हे घासत होतं का कुणी?"

घासत होतं म्हणजे काय! दर अमावस्येला मावशी चिंच आणि राख घेऊन देव उजळायला बसते. इतकी वर्षं तिनं मनोभावे मुंबईची खूण घासली आणि मी दीडशहाण्यानं तिथं कोलकाता वाचलं.

लाज गुंडाळून अवसरीला गेलो. पितळी नाणं मावशीनं हसत परत घेतलं, चांदीचं मात्र देईना. "देवाला वाहिलेलं माघारी नेत्यात व्हय?"

मंचरपासून जुन्नरपर्यंत मी एसटीत स्वतःला शिव्या घालत होतो. बायकोच्या आईची शेवटची वस्तू मी घालवली होती, आणि याचं मला खरंच रडू येत होतं. घरी गेल्यावर तिला सगळं सांगून टाकलं.

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आवो, आईचं नाणं तिच्या भणीच्या देवात ऱ्हाईल, म्हणून ठिवलं मी. तुमच्या तिप्पटीवर इस्वास ठिवून न्हाई."