बुडालेल्या गावाचा विकतचा भाग

एका खेळाचा वाढीव भाग विकत घेण्यासारखा आहे का, असं मला दोनदा विचारलं गेलं. दोन्ही वेळा मी नाही म्हणाले. दोन्ही वेळा ते खोटं होतं. तोंडातून हे मी आजवर कुणापाशी काढलेलं नाही — नवऱ्यापाशी नाही, लेकीपाशी नाही. तुमच्यापाशी काढते आहे.

खेळ म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा. तलवारी, मंत्र, राक्षस. हसलात तरी चालेल. माझं वय सत्तेचाळीस, अंथुर्ण्यात आमचा नऊ गाईंचा गोठा. लेक केतकी पुण्याला शिकायला गेली. तिकडच्या खोलीवर टीव्ही नव्हता, म्हणून गेमची मशीन घरीच राहिली. ती लावायला शिकली माझी धाकटी जाऊ, सुनंदा. मी नुसती शेजारी बसायचे. मग बसायची सवय लागली.

पहाटेची धार आणि संध्याकाळची धार यांच्या मधे दुपारी दोन तास आम्हा दोघींना कुणी हाक मारत नसे. गोठ्यात धार काढायची तिची, चारा, पेंड, औषधं माझी. खेळातही आम्ही तशीच वाटणी केली. लढायची ती. पिशवी सांभाळायची मी. रिमोट एकच — लढाई चालू असेतो तिच्या हातात, खेळ थांबवून पिशवी उघडली की माझ्या. कोणतं औषध प्यायचं, कोणती तलवार ठेवायची, कोणती विकायची, ते मी बघायचे. दीड वर्षात पूर्ण खेळ संपवला. शेवटचा राक्षस पडला तेव्हा सुनंदानं रिमोट अलगद माझ्या मांडीवर ठेवला. “धारंची येळ झाली अक्का,” म्हणाली आणि उठली.

एवढं चांगलं चाललं होतं. मग मी ते का बिघडवलं?

वाढीव भाग म्हणजे काय ते आधी सांगते. खेळ संपल्यावर कंपनी त्याच खेळाला नवा मुलूख जोडून देते, वेगळे पैसे घेऊन. एका बऱ्या साडीइतके. केतकीनं त्याची जाहिरात माझ्या फोनवर पाठवली. आम्ही दोघींनी गोठ्याच्या दारात उभ्यानं पाहिली. लांबच लांब पाणी. पाण्यात बुडालेलं गाव, वर फक्त देवळाचं शिखर. आणि शिखराजवळ एका पायावर उभी असलेली, माडाएवढी उंच बगळी.

सुनंदाचं माहेर डाळजचं. तिच्या आजोबांचं घर उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं, तिच्या जन्माच्याही आधी. पाणी ओसरलं की भिंतींच्या ओळी दिसतात म्हणे. तिला कुणी कधी तिथवर नेलं नाही. एरवी ती बडबडी. त्या दिवशी ती जाहिरात तिनं तीनदा लावायला लावली आणि मग एवढंच म्हणाली, “अक्का, ह्यो तर आमचा काठ हाय.” थोड्या वेळानं — “केतकीला इचारा की, घेण्यासारखा हाय का.”

केतकीनं रात्री आवाज पाठवला. आई, डोळे झाकून घे, मूळ खेळापेक्षा भारी आहे. मी तो ऐकला. दोनदा ऐकला. सकाळी पेंड कालवताना सुनंदाला सांगितलं, “न्हाय म्हणती. तेच राक्षस, नुस्ता रंग बदललाय. पैसं वाया.”

“मग ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. केतकीचं आणि माझं म्हणणं तिनं कधी तपासून पाहिलं नव्हतं. थोरल्या जावेनं सांगितलं की संपलं.

आणि त्याच आठवड्यात मी केतकीला तो भाग घ्यायला लावला. स्वतःसाठी.

सुनंदा मंगळवारी आणि शुक्रवारी शिवणाच्या क्लासला बारामतीला जायची. ती एसटीत बसली की मी मशीन लावायचे. आमच्या दोघींच्या खेळाखाली मी वेगळी फाइल केली, माझा खेळ तिच्यात वेगळा सेव्ह व्हायचा. लपवली का? नाही, ती तिथंच, उघड्यावर होती. मला विचारल्याशिवाय सुनंदा मशीनला हात लावत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिनं मला जो मान दिला होता, त्याच्याच आडोशाला मी चोरी केली.

कशासाठी? कारण एवढंच, की दीड वर्षात माझ्या हातानं एकही राक्षस मेला नव्हता. ती दहा वर्षांनी लहान. तिची बोटं चपळ. गाई तिच्याच हाताला जास्त दूध द्यायच्या. मला एकदा, फक्त एकदा, एकटीनं काहीतरी पाडायचं होतं — आणि ते करताना तिनं बघू नये असं वाटत होतं. सरळ सांगितलं असतं तर? “सुनंदा, ही बगळी मला मारू दे.” तिनं रिमोट हातात दिला असता, वर चहा टाकला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

बगळी काही पडेना. दोन महिने मंगळवार-शुक्रवार मी मरत होते. बुडालेल्या गावात मी एकदाही नीट उतरले नाही. वरच्या बांधावरून धावत सरळ तिच्यापाशी जायचे आणि पहिल्या नाहीतर दुसऱ्या चोचीत खलास. संध्याकाळी सुनंदा क्लासहून आली की विचारायची, “दमलाय का अक्का?” मी म्हणायचे, गाईंनी दमवलं.

मग धाकट्या दिराला बारामतीला कंपनीत काम लागलं आणि त्यांचं बिऱ्हाड तिकडं हलायचं ठरलं. भांडण नव्हतं, काही नव्हतं. त्यांचं रेशनकार्ड वेगळं करायच्या कामाला, निघायच्या आदल्या दिवशी मी दिराबरोबर इंदापूरला गेले. तहसील कचेरीत दुपार गेली. सुनंदा घरी भांडी बांधत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो भरला. धार तिनंच काढली होती, शेवटची म्हणून. दीर दोर आवळत होता. ती माझ्यापाशी आली, पदरानं हात पुसत. मला वाटलं पाया पडणार. ती म्हणाली, “अक्का, त्यो नवा भाग. आता म्या हितं न्हाय म्हणून इचारते — घेण्यासारखा हाय का वो?”

तिच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. मी तो चेहरा नंतर खूप वेळा आठवून पाहिला आहे. नव्हता. ती थांबली होती. एवढ्या घाईत, टेम्पोवाला हॉर्न देत असताना, ती माझ्यासाठी थांबली होती.

मी म्हणाले, “न्हाय गं. काय न्हाय त्यात.”

“बरं,” ती म्हणाली. “तुमी म्हणताय तर न्हाय.” मग पाया पडली आणि टेम्पोत जाऊन बसली.

त्या शुक्रवारी मी मशीन लावली. आता तर सगळेच दिवस माझे होते. माझ्या फाइलवर आले आणि हात थांबला. शेवटचं सेव्ह माझं नव्हतं. त्यावर वेळ होती, मी इंदापूरला कचेरीत बसले होते त्या दुपारची.

खेळ उघडला. मी बगळीच्या दारात उभी होते. पिशवी उघडून पाहिली. नको ते सगळं विकलेलं. तलवारीला नवी धार. औषधाच्या बाटल्या गच्च भरलेल्या, हाताशी लागतील अशा लावलेल्या. हे माझं काम. पिशवीतलं तिला काही कळत नाही अशी माझी समजूत होती. दीड वर्ष ती बघत होती. आणि तळाशी पणतीच्या तेलाचे बारा बुधले. हे तेल फक्त त्या गावात मिळतं, एकेका घरात एकेक.

बगळीला मात्र तिनं हात लावला नव्हता. तिला ती एका दुपारात जमली असती. तिनं ती माझ्यासाठी ठेवली होती. आणि दुसऱ्या दिवशी, हे सगळं माहीत असून, तिनं मला विचारलं होतं.

बगळी पुढच्या मंगळवारी माझ्या हातानं पडली. औषधाच्या निम्म्या बाटल्या उरल्या. मी रिमोट ठेवायला बाजूला वळले. तिथं कुणी नव्हतं.

सुनंदा दिवाळीला येते, चार दिवस राहते, धार काढते. गाई अजून तिला ओळखतात. मशीन समोर असते, ती तिच्याकडे बघत नाही, मीही नाही. तो प्रश्न तिनं परत विचारलेला नाही.

परवा मी पहिल्यांदा बांधावरून खाली, त्या गावात उतरले. सावकाश गेले. बारा घरं आहेत. भिंतींवर शेवाळ, चुलीत मासे. सगळ्या घरांची दारं उघडी होती.

भाग घेण्यासारखा आहे. सुनंदाला मी हे अजून सांगितलेलं नाही.