मंदाचे भाजलेले वेफर्स

मंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुधी किसत होते. पलीकडे तिची मुलगी संगीता होती. “मावशी, आई गेली,” एवढंच ती म्हणाली. आदल्याच आठवड्यात मी तळेगावच्या दवाखान्यात तिला भेटून आले होते. अर्धांगाच्या झटक्यानं उजवी बाजू गेली होती, पण बोलणं समजत होतं. तिनं स्वतःचं काही सांगितलं नाही. आमच्या यांची चौकशी केली. मी म्हटलं, बरे आहेत, तुझ्या वेफर्सची वाट बघतायत. तिनं तोंड भिंतीकडे वळवलं आणि हळूहळू म्हणाली, “आता त्यास्नी वेफर्स देऊ नका, ताई. ज्वारीच्या लाह्या द्या.” मला वाटलं, स्वतः अशी पडून आहे आणि हिला काळजी माझ्या नवऱ्याच्या खाण्याची. ती गेल्यावर भेटेल त्याला मी डोळे पुसत हेच सांगायचे. आता सांगत नाही.

मी मळवली स्टेशनवर तिकीट खिडकीत बसायचे, तिथली आमची ओळख. मंदा माहेरची परंदवडीची. तिचा नवरा दत्तू मळवलीतल्या एका बंगल्याची राखण करायचा आणि मंदा बटाट्याचे वेफर्स तळून लोणावळ्याच्या दुकानांना पोचवायची. दोन्ही हातांत फुगलेल्या पिशव्या घेऊन ती खिडकीशी यायची. मग मी तिकीट देईपर्यंत आणि लोकल येईपर्यंत आमच्या गप्पा चालायच्या. माझी सासू, तिची सासू, संगीताची शाळा, भाताची लावणी. मला बहीण नाही. तिला होत्या, पण तिकडे जाणं-येणं नव्हतं. तिकीट खिडकीच्या त्या एवढ्याशा भोकातून आम्ही एकमेकींना किती काय काय सांगितलं असेल, ते आठवलं की आजही नवल वाटतं.

मी निवृत्त झाल्यावर वर्षाच्या आतच यांना हृदयाचा त्रास झाला. दोन नळ्यांना स्प्रिंगा बसवल्या आणि डॉक्टरांनी तळलेलं कायमचं बंद केलं. हा माणूस कुरकुरीत खाण्यावर जगणारा. भज्यांचा वास आला तरी चाल मंदावायची. आता ते ताटासमोर बसायचे आणि अर्धं टाकून उठायचे. लोणावळ्याला माल पोचवला की मंदा रोज तिथल्या आमच्या घरी एक फेरी मारायची. एकदा त्यांच्या ताटात डोकावून म्हणाली, “ह्ये काय जेवान हाय? ह्ये तर औषध हाय.” त्याच सुमाराला बंगल्याच्या मालकांनी स्वयंपाकघर नवं केलं आणि जुना ओव्हन दत्तूच्या गळ्यात घातला. तो त्यांच्या पडवीत पडला होता आणि एका कोंबडीनं त्यात अंडी घालायला सुरुवात केली होती. मंदानं कोंबडीला हाकललं, ओव्हन राखेनं घासला आणि बटाटे भाजायला घेतले. आधी कडा जळायच्या आणि मध्ये कच्चं राहायचं. मग काप मिठाच्या पाण्यात ठेवून, फडक्यावर कोरडे करून, तेलाचा नुसता हात फिरवून पाहिला. एके दिवशी ती स्टीलचा डबा घेऊन आमच्या दारात उभी राहिली. यांनी एक काप तोंडात टाकला, डोळे मिटले आणि आजारपणानंतर पहिल्यांदा मोठ्यानं हसले. ते हसू मंदानं आणलं होतं, हे मी आजही नाकारत नाही. उलट त्यामुळेच पुढचं सगळं जास्त लागलं.

हे विकायला ठेव, असा हट्ट मीच धरला. लोणावळ्याच्या बाजारात, चिक्कीच्या दुकानांच्या रांगेत तिला एक अरुंद गाळा मिळाला. मी पाटी रंगवून घेतली: ‘भट्टीत भाजलेले, तळलेले नाहीत’. पुढ्यात चवीची ताटली ठेवून मंदा येईल त्या गिऱ्हाइकाला विचारायची, “कसं लागलं? खरं सांगा.” आणि लोक खरं सांगायचे. पुण्याचे एक आजोबा सभ्यपणे म्हणाले, तब्येतीला उत्तम, पण चव घरी विसरलात का? कॉलेजच्या मुलांनी पुठ्ठा म्हणून हिणवलं. एक बाई दर रविवारी कौतुक करून, असं पथ्याचं खाल्लं की मनाला खात नाही असं सांगून, शेजारून चिक्की घेऊन जायची. एकानं विकत घेतलेली पिशवी अर्धी खाऊन समोरच्या कट्ट्यावर तशीच ठेवली. मंदानं ती जाऊन उचलून आणली आणि उरलेला एकेक काप स्वतः खाऊन बघितला. मी तिला समजवायचे, लोकांच्या जिभेला सवय व्हायला वेळ लागतो. घराजवळच्या तळ्याकाठी माझ्याबरोबर फिरायला येणाऱ्या सगळ्यांना मी तिच्याकडे धाडलं. त्यांतले निम्मे रक्तदाबाचे, निम्मे साखरेचे. माझ्या शब्दावर जायचे.

काही महिन्यांनी मतं बदलली. लोक म्हणू लागले, आता जमलंय, अगदी तळल्यासारखे लागतात. गाळ्यापुढे गर्दी होऊ लागली. मंदा म्हणाली, बटाटा बदलला, आच बदलली. मला इतका आनंद झाला होता, जणू परीक्षा मीच पास झाले. आमच्या घरी मात्र ती वेगळा डबा द्यायची, साहेबांचा म्हणून. एकदा मी गाळ्यावर उभ्या उभ्या ताटलीतला एक काप खाल्ला आणि म्हटलं, “अगं, हे आमच्या डब्यातल्यापेक्षा किती छान लागतात. यांच्यासाठी यातलेच दे.” तिचा हात थांबला. “भाजताना चढ-उतार व्हतो, ताई. तुमचा डबाच बरा,” ती म्हणाली. मला वाटलं, विकायचा माल फुकट जाऊ नये म्हणून कां-कूं करतेय. मी हसून पिशवी पुढे केली. तिनं माझ्याकडे पाहिलं, पिशवी घेतली... आणि भरून दिली.

त्यानंतरच्या तपासणीत यांचं कोलेस्टेरॉल वाढलं. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं खाता का? मी कोपऱ्यावरच्या वडेवाल्याचं नाव घेतलं. यांनी मान खाली घातली. गोळ्या वाढल्या. घरी मंदाच्या पिशव्या येत राहिल्या.

तेराव्याला मळवलीला गेले होते. जेवणं उरकल्यावर मी संगीताला म्हटलं, आईचा ओव्हन बंद पडू देऊ नकोस. तिनं माझा हात धरला आणि मागच्या पडवीत नेलं. ओव्हनवर जुनं लुगडं टाकलेलं होतं. तिनं दार उघडलं. आत पाहुण्यांच्या कपबश्या रचून ठेवल्या होत्या. शेजारी चुलीवर मोठी कढई, तळ काळाकुट्ट. “मावशी, लय दिस झालं ओव्हन बंद हाय,” संगीता म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं. लोक नावं ठेवतात ते आईला सहन होईना. आधी भाजून नुसते तेलातून काढायची, मग भाजणं सुटलंच. आमचा डबा तेवढा ती जपून ओव्हनमध्ये करायची, मी तो नको म्हणेपर्यंत. “तुमाला सांगणार व्हती ती. रोज म्हणायची, आज सांगते,” संगीता म्हणाली. मी एका कपाला बोट लावून बघितलं. धुळीचा थर होता.

गिऱ्हाइकांना फसवलं ते मी समजू शकते, कदाचित. त्यांनाही तेच हवं होतं. पण तिनं ती पिशवी भरली तेव्हा समोर मी उभी होते. पथ्याचा कागद तिनं माझ्या फ्रिजवर पाहिला होता. दवाखान्यात यांच्या उशाशी ती माझ्याबरोबर बसली होती. एका शब्दानं तिला मला अडवता आलं असतं. तो शब्द तिनं शेवटी उच्चारला, पण भिंतीकडे तोंड करून, आणि मला कळणार नाही असा.

घरी येऊन मी यांना सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील, निदान घाबरतील. त्यांनी चष्मा काढून पुसला. “मला पहिल्या घासालाच कळलं होतं,” म्हणाले. मग तोंड का उघडलं नाहीत? तर म्हणे, “तू इतक्या विश्वासानं आणायचीस... आणि मला ते आवडायचे.” त्या दिवशी डॉक्टरांसमोर खाली घातलेली मान मला आठवली. मी आत जाऊन बसले. एकीचं सुतक संपलं होतं आणि दुसऱ्या माणसाशी काय बोलावं ते कळत नव्हतं.

संगीतानं गाळा पुन्हा उघडला तेव्हा सगळ्यात आधी ती पाटी उतरवली. नेहमीच्या गिऱ्हाइकांना ती स्वतः सांगत होती, वेफर्स तळलेले आहेत, आधीही होते. मी बाजूला उभी होते. तळ्याकाठच्या आमच्या मैत्रिणींपैकी एक म्हणाली, अहो, ते का कळत नव्हतं? भाजून कुठं अशी चव येते? आणि तिनं पिशवी घेतली. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. मी पाठवलेल्या माणसांनाही. माझं मन राखायला सगळे चव घेऊन छान म्हणत होते.

आईबद्दल लिहिणार असाल तर हेही लिहा, असं संगीतानंच सांगितलं, म्हणून लिहिलं. मंदाला मी माफ केलेलं नाही. केलं असतं तर हा लेख सोपा झाला असता.

मी आता एक छोटा ओव्हन घेतलाय. आठवड्यातून एकदा यांच्यासाठी बटाटे कापते. मंदाची एक सवय होती, ती प्रत्येक काप खिडकीकडे धरायची. पलीकडचं बोट दिसलं तरच तो पातळ, नाहीतर पुन्हा कापायचा. परवा काप करता करता माझं लक्ष गेलं, माझाही हात वर गेला होता आणि मी उजेडात बोट शोधत होते. राग आला. काप खाली ठेवला... थोड्या वेळानं पुन्हा उचलून धरला. जाड होता.